टोपीची बंदूक आणि चकमकीचा हंगाम

पत्र:

काका, नमस्कार. मी मूळचा कणकवलीजवळचा, गेली नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. कामावरचे दोघं दरवर्षी ख्रिसमस झाला की ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या बंदुका घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. यंदा त्यांनी मलाही बोलावलंय. शिकारीचा सक्तीचा कोर्स झाला, लायसन्स काढतोय. आमच्या गल्लीतले एक ७८ वर्षांचे आजोबा त्यांची थॉम्पसन सेंटर कंपनीची हॉकेन रायफल विकतायत, ५० कॅलिबरची, टोपीवर चालणारी. ३५० डॉलर म्हणतात. सोबत बंदुकीच्या दारूचं शिंग, गोळ्यांचा डबा आणि अर्धी बाटली तीच दारू फुकट. वीस वर्षं कपाटात होती, पण लाकूड आणि पितळ असं लखलखतंय की विचारू नका. गावी आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मी त्यांच्यासोबत जायचो. त्यामुळे ही हातात घेतल्यावर सोडवेना. बायको म्हणते, घ्यायची तर नवी घे, नाहीतर घेऊच नको. जुनी घेताना काय काय बघायचं? ऑगस्ट चाललाय, म्हणजे हाताशी वेळ आहे.
— मळ्यातला नातू

उत्तर:

नातूसाहेब,

तुमचं पत्र वाचताना मी दोन शब्दांवर अडलो. 'टोपीवर चालणारी', म्हणजे घोडा तांब्याच्या छोट्या स्फोटक टोपीवर पडून जिचा बार उडतो ती. लाकूड, पितळ, शिंग, आजोबा, सगळ्याचं नंतर बघू. तुम्हाला ज्या शिकारीचं बोलावणं आहे, तिथे ही बंदूक चालतच नाही.

आपल्या पेनसिल्व्हेनियात ठासणीच्या बंदुकीचे हंगाम दोन. एक ऑक्टोबरातला, आठवडाभराचा, फक्त बिनशिंगी हरणांसाठी. त्यात टोपीची चालते, चकमकीची चालते आणि दुर्बीण लावलेली आजकालची इनलाइनही (टोपी थेट नळीच्या मागे बसते ती) चालते. दुसरा २६ डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्याच्या पुढेमागेपर्यंतचा, तो फक्त चकमकीचा. १९७४ साली तो सुरू झाला तो जुन्या चालीच्या हौशी लोकांसाठी, आणि पेनसिल्व्हेनियाने ती चाल अजून हट्टाने जपली आहे. दगड पोलादावर घासून ठिणगी पडायला हवी. तांब्याची टोपी नाही, दुर्बीण नाही. रानात गेम कमिशनचा माणूस भेटला तर तो तुमच्या पितळेकडे ढुंकूनही बघणार नाही. घोड्याच्या तोंडात दगड आहे का, तेवढंच बघेल.

तुमच्या मित्रांनी हे सांगितलं नसेल तर त्यांना दोष देऊ नका. डिसेंबरात जाणाऱ्या माणसाच्या लेखी 'मझललोडर', म्हणजे ठासणीची बंदूक, ही चकमकीचीच. दुसरी काही असते हे त्याच्या ध्यानीमनी नसतं.

मग आजोबांची बंदूक सोडून द्यायची का? माझं मत विचाराल तर नाही. चकमकीची बंदूक नवख्याच्या हाती फार रुसते. चाप ओढला की दगड घासतो, ठिणग्या वाटीत पडतात, वाटीतली रंजक (पेटवणीची बारीक दारू) पेटते, तिची ज्योत कानातून आत जाते आणि मग बार उडतो. (कान म्हणजे नळीच्या बाजूचं बारीक भोक. आपल्या जुन्या मराठीत त्याला कानच म्हणत.) हे सगळं पाव सेकंदाच्या आत होतं, पण नाकापासून वीतभर अंतरावर भडका उडाला की नवा माणूस तेवढ्यात हमखास डोळे मिटतो आणि खांदा उडवतो. टोपीच्या बंदुकीत हा खेळ बराच कमी. घोडा टोपीवर पडला की बार. दारू मोजणं, गोळी ठासणं, एका बारावर भागवणं, धूर ओसरेपर्यंत वाट बघणं, हे सारं तिच्यावर शिकता येतं. म्हणून यंदा ऑक्टोबरात आजोबांची बंदूक घेऊन जा, पण ती खाली सांगितलेल्या तपासणीत टिकली तरच. डिसेंबरात मित्रांबरोबर जा आणि त्यांच्यापैकी कुणाची जादाची चकमकीची असेल तर ती मागून घ्या. सराव मात्र आधी करा, त्यांच्याच देखरेखीखाली. पुढल्या वर्षी स्वतःची घेऊ. त्याच हॉकेनला चकमकीचं लॉक (घोडा आणि त्याची आतली यंत्रणा) आणि चकमकीची नळी बसवून देतो असं सांगणारे भेटतील. जमतं ते, पण सुटे भाग जमवता जमवता दुसऱ्या बंदुकीचे पैसे गेलेले असतात.

आता बघण्याचं.

आजोबांच्या घरी गेलात की लाकूड बघू नका, नळीत डोकावू नका. पहिलं काम, ती भरलेली आहे का हे बघायचं. 'वीस वर्षं कपाटात होती' हे वाक्य मला आवडलं नाही. ठासणीच्या बंदुकीला खटका उघडून आत बघायची सोय नसते. एखादा माणूस हंगामाच्या शेवटच्या दिवशी हरीण न दिसताच घरी येतो, टोपी काढून टाकतो, भरलेला बार, म्हणजे दारू आणि गोळी, मात्र आतच राहतो, आणि पुढच्या वर्षी गुडघा धरतो म्हणून तो जातच नाही. दारू कोरडी असेल तर वीस वर्षांनीही ती पहिल्या दिवसासारखीच उडते.

तपासायची रीत सोपी आहे. टोपी बसवायच्या बोंडीवर टोपी नाही याची खात्री करा. घोडा हळूच खाली टेकवा. नळीचं तोंड कुणाकडे नाही असं धरा आणि स्वतःचं तोंडही तिच्यासमोरून बाजूला ठेवा. मग गज, म्हणजे गोळी ठासायची काठी, आत सोडा. रिकाम्या नळीत तो तळाच्या लोखंडावर आपटून 'टण्ण' वाजतो. आत बार असेल तर 'थप्प' असा मेलेला आवाज येतो. कानावर विसंबू नका. नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीने खूण करा, गज बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून धरा. खूण नळीच्या तोंडाशी ठेवली की गजाचं दुसरं टोक बोंडीच्या जवळपास पोचायला हवं. हॉकेनच्या बुडाशी दारूचा कप्पा नळीपेक्षा थोडा अरुंद असतो, म्हणून गज किंचित अलीकडे अडेल, त्याने घाबरू नका. पण तो दोन इंच अलीकडे थांबला तर आत बार आहे असंच धरा. ८० ग्रेन (ग्रेन हे दारू-गोळीचं बारीक माप) दारू आणि गोळी मिळून अर्ध्या इंचाच्या नळीत साधारण तेवढीच जागा घेतात.

आत बार आहे असं दिसलं तर? आजोबा म्हणतील, 'चल मागच्या अंगणात उडवून टाकू.' नाही म्हणा. गोळी वर्षानुवर्षांत सरकून दारूपासून सुटलेली असू शकते, आणि मध्ये हवा राहिली की नळी फाटते. बंदूकवाल्याकडे वायूच्या दाबाने बार बाहेर ढकलायचं साधन असतं, दोन मिनिटांचं काम. आजोबांना सांगा, आधी हे करून आणा, मग बोलू. ते रागावले तर रागावू देत.

नळी रिकामी आहे ना? आता पाचर काढा. हॉकेनची नळी पुढच्या लाकडात एका पाचरेने धरलेली असते आणि मागच्या टोकाला आकड्यात अडकलेली असते. घोडा अर्ध्यावर, म्हणजे मागे खेचताना लागणाऱ्या पहिल्या खाचेवर घ्या, पाचर काढा, नळीचं तोंड उचला. अख्खी नळी हातात येते. हे आजोबांसमोरच करा. पाचर जागेवर गंजून बसली असेल, हातोडीशिवाय हलत नसेल, तर तुम्हाला निम्मं उत्तर मिळालं. नळीचा खालचा भाग, जो कायम लाकडाला टेकलेला असतो, तो बघा. वरून आरशासारखी चमकणारी नळी खालून खवल्याखवल्यांची निघालेली मी पाहिली आहे. वरून पुसणं सगळ्यांनाच जमतं.

आणि इथेच माझं सांगायचं ते येतं. काळ्या दारूत शोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० असा मेळ असतो. ती जळाली की निम्म्याहून जास्त वजन राख होऊन मागे राहतं, आणि ती राख हवेतली ओल शोषून घेते. आज सकाळी बार काढला आणि दमट हवेत बंदूक तशीच ठेवली तर उद्यापर्यंत नळीत गंज धरू लागतो. पायरोडेक्ससारख्या बदली दारूंतलं पर्क्लोरेट मागे मिठासारखे क्षार सोडतं, त्यांचं तर काही विचारू नका. म्हणून जुनी ठासणीची घेताना बंदूक किती वर्षांची हे मी विचारतच नाही. शेवटचा बार काढला त्या संध्याकाळी मालकाने काय केलं, हे शोधतो. दमून भागून आल्यावर पाणी गरम केलं, साबण घातला, नळी तीनतीनदा धुतली, कोरडी केली, तेल दिलं, की बंदूक कोपऱ्यात उभी करून जेवायला बसला? तुम्ही ३५० डॉलर देऊन आजोबांच्या त्या संध्याकाळी विकत घेताय.

त्या संध्याकाळी कशा दिसतात? पांढऱ्या सुती कापडाचे चार-सहा चौकोन खिशात घेऊन जा. जुन्या धोतराचे असले तरी चालतील. किंचित तेल लावून गजाच्या टोकावरून एकेक आत घाला. पहिला काळपट किंवा तपकिरी आला तर ते साठवणीचं जुनं तेल असू शकतं, घाबरायचं कारण नाही. दुसरा, तिसराही विटकरी येत असेल तर आत जिवंत गंज आहे. चौकोनाचे धागे उपसले जात असतील, तो फाटून येत असेल, तर आतला पृष्ठभाग खाल्ला गेलाय. हाताला काय लागतं तेही बघा. चांगल्या नळीत गज एकाच लयीत जातो. मध्ये खरखर लागली, विशेषतः तळाच्या शेवटच्या सहा इंचांत, तर तिथे खड्डे आहेत. राख सगळ्यात जास्त तिथेच साचते.

माझी पहिली जुनी रायफल मी एका प्रदर्शनात घेतली होती. अक्रोडाच्या लाकडावर भाळलो. विक्रेत्याने वरच्यावर बॅटरी मारून नळीचं तोंड दाखवलं, आटे (नळीतल्या मळसूत्री खोबणी) स्वच्छ दिसले, मी पैसे मोजले. घरी येऊन कापड घातलं तर तळाशी पोचताच ते किसणीवर घासल्यासारखं परत आलं. पहिल्या दिवशी पन्नास यार्डांवर पाच गोळ्यांतल्या दोन कागदाला लागल्या. गोळीभोवतीचं कापड त्या खड्ड्यांवर फाटत होतं आणि गोळी आट्यांना धरतच नव्हती. ती रायफल आजही भिंतीवर आहे. पाहुणे फार वाखाणतात.

कापड आत फिरवताना आणखी एक गोष्ट जाणवते का बघा. एकसारखा चाललेला गज मध्येच एके ठिकाणी बोटभर अंतर ढिला पडला आणि पुन्हा घट्ट झाला, तर तिथे नळी फुगलेली आहे. कुणीतरी कधीतरी गोळी पूर्ण खाली न ठासता बार काढलेला असतो. नळी उजेडात तिरपी धरून बाहेरून बघा, अंगठीसारखा हलका उंचवटा दिसतो. अशी बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका. नळीच्या तोंडाशी आट्यांच्या कडाही बघा. लोखंडी गज वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासला असेल तर तिथली कड बोथट होते आणि नेम जातो. ते कापून दुरुस्त करता येतं, पण किमतीत धरा.

लॉककडे या. घोडा अर्ध्यावर घ्या आणि चाप ओढा. तो पडता कामा नये. पडला तर सौदा तिथेच थांबवा. मग पूर्ण मागे घ्या आणि अंगठ्याने हलकं पुढे ढकलून बघा. चापाला हात न लावता घोडा सुटला तर आतले खाचे झिजलेत. हॉकेनला बहुतेकदा दोन चाप असतात. मागचा ओढला की 'टक्' वाजतं, आणि मग पुढच्याला नुसतं बोट लागलं तरी घोडा सुटतो. मागचा चाप ओढून बंदुकीचा दस्ता तळहातावर हलकेच आपटा. सुटू नये. या सगळ्यात घोडा उघड्या बोंडीवर आपटू देऊ नका, मध्ये चामड्याचा तुकडा ठेवा. नाहीतर बोंडीचं तोंड चेपतं आणि आजोबांचा चेहराही.

बोंडी किल्लीने काढून बघा. सहज फिरून आली तर कुणीतरी वेळोवेळी काढून, ग्रीस लावून बसवत होतं. बोंडी स्वतः झिजली असेल तर दहा-बारा डॉलरची नवी बसते, त्यावरून भांडू नका. ती ज्या आट्यांत बसते ते खराब असतील तर मात्र भांडा. लाकडात एकच जागा नीट बघा, दस्त्याची बारीक मान, आणि लॉकच्या मागे केसासारखी चीर आहे का. पितळेचं मी काही बोलत नाही. सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंच्या मूळ रायफलींवर बहुधा साधं लोखंडच असायचं. ही पितळेची सजावट १९७० सालापासून थॉम्पसन सेंटरने चढवली, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं पितळेकडे बघूनच विकत घेतायत.

एक फरक तुम्हाला मुद्दाम सांगायला हवा, कारण तुमच्या हाताला गावच्या बंदुकीची आठवण आहे. तिकडची शेतीराखणीची ठासणीची सहसा गुळगुळीत नळीची असते. दारू, वर बोळा, वर छर्रे, वर पुन्हा बोळा. या नळीत आटे आहेत, ४८ इंचांत एक पूर्ण फेरा घेणारे. इथे ०.४९० इंचाची शिशाची गोळी तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात बसवून ठासतात. गोळी नळीपेक्षा केसभर लहान, कापड ती फट भरतं आणि आटे धरतं. गोळीचं वजन १७७ ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. उघड्या माशीवर नेम धरून शंभर यार्डांपलीकडे हिच्याकडून अपेक्षा धरू नका, आणि पहिल्या वर्षी तर साठाच्या आतच. बोळे आणि छर्रे गावी राहू देत.

आता त्या फुकटच्या बाटलीबद्दल. शिंग घ्या, गोळ्यांचा डबा घ्या, दारू घेऊ नका. लेबल काहीही म्हणो, वीस वर्षांपूर्वीच्या उघड्या बाटलीत नंतर कुणी काय ओतलं हे आजोबांनाही आठवणार नाही. ठासणीच्या बंदुकीत आधुनिक काडतुसांची निर्धूर दारू गेली तर नळी फुटते आणि तिच्यासोबत हात, डोळे, जे जवळ असेल ते जातं. मूठभर निर्धूर दारू डोळ्यांना काळ्या दारूसारखीच दिसू शकते. बाटलीचं काय करायचं ते आजोबांनी अग्निशमन दलाला फोन करून विचारावं. तुम्ही सीलबंद डबा विकत घ्या. टोपीच्या बंदुकीला पायरोडेक्स किंवा खरी काळी दारू, दोन्ही चालतात. चकमकीच्या वेळेला मात्र खरी काळीच लागेल. बदली दारू पेटायला जास्त उष्णता मागते, ठिणगीला जुमानत नाही. मोजमाप ग्रेनमध्ये, पण तराजूने नाही, मापट्याने. सुरुवात ६० पासून करा, ७०-८० पर्यंत चढवा. जिथे गोळ्या एकमेकींजवळ पडतील तिथे थांबा, आणि नळीवर किंवा माहितीपत्रकात दिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका. चाप ओढला आणि नुसतीच टोपी वाजली, बार उडाला नाही, तर बंदूक निशाणाच्या दिशेने तशीच धरून मिनिटभर उभे राहा. फुसका बार म्हणतो तो कधीकधी उशिरा आलेला बार असतो.

किमतीचं म्हणाल तर, वरच्या सगळ्यातून ती पार पडली तर ३५० वाजवी आहेत. नळी जरा डागाळलेली पण खड्डे नसलेली असेल तर २५० म्हणा आणि गप्प बसा. आजोबा पिशवीतून आणखी काहीतरी काढतील. थॉम्पसन सेंटरची मूळ कंपनी २००७ साली स्मिथ अँड वेसनने घेतली आणि २०२१ मध्ये त्यांनी हा धंदा विकायला काढला, त्यामुळे कंपनीकडे पाठवून दुरुस्त करून घेऊ ही आशा धरून किंमत ठरवू नका. बोंड्या, पाचरा, गज मात्र बाहेर मिळतात.

तुमच्या बायकोचं म्हणणं तोडण्यासारखं नाही. तीनशे डॉलरच्या आतबाहेर नवी साधी इनलाइन मिळते. तिचं बूच मागून काढता येतं, आरपार बघता येतं, धुवायला सोपी. शिकारच करायची असेल आणि मागचं काही मनात नसेल, तर मीही तीच घ्या म्हणालो असतो. तुमच्या मनात आजोबा आहेत, म्हणून मी हा लांब रस्ता सांगतोय. मात्र जुनी इनलाइन कुणी स्वस्तात देऊ लागलं तर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बघा. सीव्हीए कंपनीच्या १९९५ आणि १९९६ सालच्या इनलाइन, ज्यांचा क्रमांक ९५ किंवा ९६ वर संपतो, त्या नळीच्या दोषापायी १९९७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने परत मागवल्या होत्या. नंतर कंपनीची मालकी बदलली, बंदुका मात्र अजून गॅरेज सेलमध्ये फिरतायत. घेऊ नका, आणि विकणाऱ्यालाही सांगा.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात अशी ठासणीची बंदूक 'फायरआर्म' धरत नाहीत, पुरातन वर्गात धरतात, म्हणून दोन शेजाऱ्यांत रोख व्यवहार होऊ शकतो. पण थॉम्पसन सेंटरचीच 'एन्कोर' घेतलीत, जिच्या त्याच सांगाड्यावर काडतुसाची नळी चढते, तर तिला पूर्ण बंदुकीचे नियम लागतात आणि दुकानात फॉर्म भरावा लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत तर ठासणीच्या रायफलीलाही पोलिसांचं ओळखपत्र लागतं, एडिसनवाल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, ठीक. जे एच-वन-बीवर आहेत त्यांना केंद्राचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. चालू शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्यावर विसंबण्यापूर्वी वकिलाला एकदा विचारा. व्हिसा एका रायफलीपेक्षा महाग आहे. तुम्हाला साध्या लायसन्सवर ठासणीचा वेगळा परवानाही जोडून घ्यावा लागेल, काउंटरवर आठवणीने मागा. आणि हौसेने ती कधी गावी न्यायचा विचार मनात आला तर तिथेच सोडा. तिकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

घरात ठेवताना बंदूक कुलपात, टोप्या वेगळ्या कुलपात, दारू मूळ डब्यात आणि गॅस, बॉयलर यांच्यापासून लांब. धुवायचं काम गॅरेजमध्ये बादली घेऊन करा. मी पहिल्यांदा बाथरूममध्ये केलं होतं. काळ्या दारूच्या राखेला पाणी लागलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो आठवडाभर टॉवेलांना होता आणि त्याच आठवड्यात सासूबाई आल्या होत्या.

या शनिवारी जा. खिशात पेन्सिल, कापडाचे चौकोन, छोटी बॅटरी, चामड्याचा तुकडा. आजोबांना आधी फोन करून विचारा, 'शेवटचा बार कधी काढला होतात?' तारीख सांगू लागले, त्या दिवसाचं हरीण सांगू लागले, घरी येऊन किटली चुलीवर ठेवल्याचं सांगू लागले, तर खुर्ची ओढून ऐकत बसा. नुसतं 'बरीच वर्षं झाली' म्हणाले तर गज आत सोडताना डोकं जरा जास्तच बाजूला ठेवा.